टॅबवर पस्तीस, पाटीवर त्रेपन्न: डिजिटल प्लॅटफॉर्म वापरून वर्गातलं संशोधन कसं करायचं

सांगली जिल्ह्यात, कर्नाटक सीमेलगतच्या जत तालुक्यात संखच्या बाजूला माझी द्विशिक्षकी शाळा आहे. एका दुपारी दुसरी-तिसरीच्या मुलांना मी टॅबवर संख्या ऐकवल्या आणि ऐकलेली संख्या टाइप करायला सांगितली. 'त्रेपन्न' ऐकून सतरापैकी नऊ मुलांनी ३५ टाइप केलं. संध्याकाळी प्लॅटफॉर्मनं काढून दिलेला तक्ता बघून मी वहीत लिहून टाकलं, 'निम्म्याहून जास्त मुलं अंकांची उलटापालट करतात.' दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती, टॅब चार्ज झाले नव्हते, म्हणून त्याच संख्या पाटीवर घेतल्या. उलटं लिहिणारी चारच निघाली.

मी पाट्या गोळा करत बसले नाही, मुलं लिहिताना बघत उभी राहिले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं 'त्रेपन्न' ऐकलं, आधी ३ लिहिला, त्याच्या डावीकडे बोटभर जागा सोडली होती तिथं ५ लिहिला. झाले ५३. टॅबच्या कीपॅडवर डावीकडे जागा सोडता येत नाही. तिथं हीच मुलगी आधी ३ दाबते, मग ५ दाबते, आणि नोंद होते ३५. आधी तीन का लिहिलास, असं विचारलं तर म्हणाली, "बाई, तुमीच तीन आदी म्हनलासा की."

तिचं बरोबर होतं. मराठीत त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर या सगळ्यांत एकक आधी ऐकू येतो आणि दशक मागून. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, तो याच मुद्द्यावर. आमच्या भागात तर अर्ध्या घरांत कन्नड बोलतात. कन्नडमध्ये तेवीसला इप्पत्तमूरु म्हणतात, म्हणजे वीस आधी, तीन नंतर. घरी एक क्रम आणि शाळेत दुसरा, असं असताना मूल काय करतं, हा माझा प्रश्न. गेली तीन वर्षं मी त्याच्या मागे आहे. या कामात प्लॅटफॉर्म कसा वापरायचा हे मला जसं उमगत गेलं तसं इथं मांडते. एम.एड.चा लघुशोधप्रबंध करणारे, कृतिसंशोधन करणारे आणि नवोपक्रम स्पर्धेसाठी अहवाल लिहिणारे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

आधी प्रश्न, मग अ‍ॅप

आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. शाळेला टॅब मिळतात, कुणीतरी अ‍ॅप सुचवतं, आणि मग विषय ठरतो: 'डिजिटल साधनांचा विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर होणारा परिणाम'. या शीर्षकाखाली काहीही करता येतं, म्हणूनच हातात काही येत नाही. कोणतं साधन? गणितातलं नेमकं काय? कुणाच्या तुलनेत?

प्रश्न इतका बारीक करा की त्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा एखादा आकडा असू शकेल. माझा पहिला प्रश्न होता 'ऑडिओमुळे संख्याज्ञान सुधारतं का'. तो घासून घासून असा झाला: '२१ ते ९९ मधल्या संख्या ऐकून लिहिताना अंकांची अदलाबदल करणारी मुलं, दशकाच्या आणि एककाच्या वेगळ्या चौकटींत सहा आठवडे सराव केल्यावर, साध्या पाटीवर कमी चुका करतात का?' शेवटचं 'साध्या पाटीवर' महत्त्वाचं. सराव टॅबवर आणि परीक्षाही टॅबवर घेतली तर मूल टॅब वापरायला शिकलं की संख्या लिहायला, हे कळत नाही.

वाचनासाठी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, मराठीतले प्रबंधही आहेत, ते जरूर चाळा. एरिक हा अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा शोधनिबंधांचा साठा सगळ्यांना खुला आहे. आपले शब्द इंग्रजीत शोधून बघायचा कंटाळा करू नका. जर्मन आणि डच भाषांतही एकक आधी बोलतात, तिथल्या मुलांवर बरंच काम झालेलं आहे आणि ते आपल्या 'त्रेपन्न'ला थेट लागू पडतं. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्याच वर्षी कळलं असतं तर एक अख्खी चाचणी वाया गेली नसती.

नोंद कुणाच्या हातात येते

प्लॅटफॉर्म निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते: प्रत्येक मुलाची, प्रत्येक प्रश्नाची, मूळ उत्तरासकट नोंद मला फाइलमध्ये उतरवून घेता येते का? रंगीत आलेख, तारे, पदकं यांचा संशोधनाला उपयोग नाही. '७० टक्के' हा आकडा मला नको आहे. कोणत्या मुलानं त्रेपन्नला ३५ लिहिलं, कुणी ५०३ लिहिलं आणि कुणी ४३ लिहिलं, ते हवं आहे, कारण या तीन चुकांमागची कारणं तीन आहेत.

दीक्षा हे शालेय शिक्षणाचं सरकारी डिजिटल व्यासपीठ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. २०१७ च्या शिक्षकदिनी ते सुरू झालं, आपल्या पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड तिथंच नेतात. शिकवण्यासाठी मी ते रोज वापरते. पण मूल लॉगिन न करता कोड स्कॅन करून व्हिडिओ बघतं तेव्हा त्या मुलाच्या नावानं शिक्षकाकडे काही येत नाही. म्हणून दीक्षा हा 'उपचार', म्हणजे ज्याचा परिणाम बघायचा तो सराव, असू शकतो, मोजमाप दुसरीकडे करावं लागतं.

गुगल फॉर्म सोपा, फुकट, आणि छोट्या चाचणीला पुरतो. त्याच्या तीन मर्यादा आधीच माहीत असू द्या. एक, त्यात जी वेळ नोंदवली जाते ती फॉर्म पाठवल्याची असते, सुरू केल्याची नसते. त्यामुळे मुलाला किती वेळ लागला हे त्यातून निघत नाही. दोन, 'एकदाच उत्तर' ही अट लावली की गुगलचं लॉगिन लागतं, आणि मग एका टॅबवर पाच मुलांना आळीपाळीनं बसवता येत नाही. तीन, प्रश्नात थेट आवाज टाकता येत नाही, व्हिडिओ करून जोडावा लागतो. माझं काम ऐकण्याचं असल्यामुळे फॉर्म मी फक्त पालकांच्या माहितीसाठी ठेवला.

मूडल ही धडे आणि चाचण्या चालवायची मोफत प्रणाली जास्त कामाची आहे, पण ती सर्व्हरवर बसवावी लागते. माझा भाचा मिरजेत इंजिनिअरिंगला आहे, त्यानं शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर बसवून दिलं आणि साध्या राउटरनं टॅब जोडले. इंटरनेट लागत नाही. प्रश्न लिहिण्याच्या चौकटीतच माइकचं बटण आहे, स्वतःच्या आवाजात संख्या रेकॉर्ड करता येतात. प्रत्येक मुलानं कधी सुरू केलं, कधी संपवलं, प्रत्येक प्रश्नाला नेमकं काय लिहिलं, सगळं एक्सेलमध्ये उतरतं. शिवाय कोणता प्रश्न किती मुलांना जमला आणि तो हुशार-कच्च्या मुलांत फरक दाखवतो का, याचाही अहवाल मूडल देतं. सगळ्यांना जमलेला प्रश्न आणि कुणालाच न जमलेला प्रश्न मी पुढच्या चाचणीतून काढून टाकते.

हे जमणार नसेल तर कोलिब्री बघा. ते नेट नसलेल्या ठिकाणांसाठीच बनवलं आहे: एका लॅपटॉपवर बसवायचं, बाकीच्यांनी वायफायनं जोडायचं, मुलांना पासवर्डशिवाय लॉगिन देता येतं. कोणत्या मुलानं कोणत्या धड्यावर किती वेळ घालवला याच्या फाइली त्यातून निघतात. पाटण, जावळीकडच्या ज्या शिक्षकांना रेंजसाठी डोंगर चढावा लागतो, त्यांनी हे नक्की करून बघावं.

एक सल्ला मनापासून देते. मोफत मुदतीच्या भरवशावर चाचणी घेऊ नका. एका अ‍ॅपची मुदत संपली आणि माझ्या चार आठवड्यांच्या नोंदी बंद खात्यात राहिल्या. मुलांनी केलेलं काम माझ्या हातून गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून ज्या दिवशी चाचणी, त्याच दिवशी फाइल उतरवते आणि पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवते.

प्रश्न तयार करणं

इथं वेळ घालवा. बहुपर्यायी प्रश्न करायचा असेल तर चुकीचे पर्याय मनाला येतील तसे देऊ नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एक चूक नेमून द्या. त्रेपन्नसाठी माझे पर्याय ५३, ३५, ५०३ आणि ७३ असे आहेत. ३५ म्हणजे क्रमाची अदलाबदल, ५०३ म्हणजे पन्नास आणि तीन अख्खेच शेजारी शेजारी मांडले, ७३ म्हणजे दशकाचं नावच ओळखलं नाही. 'एकोण'च्या संख्या वेगळ्या ठेवा. एकोणसाठला मुलं ६९ किंवा ६१ लिहितात, आणि ही अदलाबदलीची चूक नव्हे. दोन्ही एकत्र मोजल्या की निकाल गढूळ होतो.

टाइप करून उत्तर घ्यायचं तर दोन चौकटी द्या, 'द' आणि 'ए' अशी नावं लिहून. मग मूल कोणतीही चौकट आधी भरो, संख्या तीच राहते. आणि आधी कोणती भरली हे बघायला तुम्ही शेजारी बसा.

मराठी शिक्षकांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे देवनागरी अंक. संगणकाला ५३ आणि इंग्रजी अंकांतली तीच संख्या (53) या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. उत्तरसूचीत एकच रूप भरलं तर बरोबर लिहिलेलं मूल चूक ठरतं. लघुउत्तरी प्रश्नात दोन्ही रूपं बरोबर म्हणून भरा, किंवा कीपॅडवर कोणते अंक दिसतात ते सगळ्या टॅबवर एकसारखं करून घ्या. माझ्या पहिल्या फाइलीत सहा बरोबर उत्तरांना याच कारणानं शून्य मिळालं होतं.

आवाज एकाच माणसाचा, एकाच वेगाचा असू द्या. शेजारच्या वर्गात पाढे चालू असताना रेकॉर्डिंग करू नका. आणि मुख्य चाचणीआधी दुसऱ्या शाळेतल्या चार-पाच मुलांवर ती करून बघा, केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, मैत्रिणीला एक तास मागितला की काम होतं.

संमती आणि नावं

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती हाताळायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. पण कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. लेकरू त्यांचं आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, दुसऱ्या शाळेत जाणार असाल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांचीही.

आमच्याकडचे पालक द्राक्षबागेत मजुरीला जातात, भेटायचं तर दिवेलागणीनंतर. संमतिपत्र मी एक पानाचं ठेवलं, आणि कन्नड घरांत ते अंगणवाडी सेविका ताईंनी कन्नडमधून वाचून दाखवलं. नको म्हणायची मोकळीक आहे, नको म्हटलं तरी मुलाचा सराव थांबणार नाही, हे दोनदा सांगितलं. एका आजीनं नको म्हटलं. त्या मुलाचा सराव झाला, नोंद ठेवली नाही.

प्लॅटफॉर्मवर मुलाचं नाव, आधार, सरलचा (राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीचा) क्रमांक, फोटो काहीही टाकू नका. हजेरीक्रमांकही नको, तो सगळ्या गावाला ठाऊक असतो. 'चिंच ४', 'बोर ७' असे संकेत मी देते, मुलांनाही आवडतात. कोणता संकेत कुणाचा, याची यादी कागदावर, कपाटात कुलपाखाली. स्क्रीनचे फोटो काढून केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवायची सवय आपल्याला लागली आहे. या कामापुरती ती सोडावी लागेल.

दिनदर्शिका आणि गट

वेळापत्रक गाव बघून ठरवा. यल्लम्माच्या यात्रेच्या आठवड्यात माझा पट निम्म्यावर येतो. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी घरं निघाली की काही मुलं थेट उन्हाळ्यात दिसतात. म्हणून मी जुलै ते सप्टेंबर एवढ्यातच काम उरकते. तरीही कुणी मध्ये गेलं तर अहवालात लिहा: सुरुवातीला किती, शेवटी किती, आणि गेलेल्यांचे पूर्वचाचणीचे गुण राहिलेल्यांपेक्षा कमी होते का. कच्ची मुलं गेल्यामुळे वर्गाची सरासरी वाढली, असं होऊ शकतं.

एकाच गटाची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेऊन 'वाढ झाली' म्हणणं पुरेसं नाही. सहा आठवड्यांत मुलं एरवीही शिकतात. पण छोट्या शाळेत अर्ध्या मुलांना सरावापासून दूर ठेवणं मला पटत नाही. मार्ग आहे: चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, पहिल्याला आधी सहा आठवडे, दुसऱ्याला नंतरचे सहा. पहिल्या सहा आठवड्यांअखेर दोघांची तुलना करा. शेवटी सगळ्यांना सगळं मिळतं.

फक्त कच्ची मुलं निवडून सराव देणार असाल तर पूर्वचाचणी आठवड्याच्या अंतरानं दोनदा घ्या. एखाद्या वाईट दिवशी कमी गुण मिळालेलं मूल पुढच्या वेळी आपोआप वर येतं, आणि ते श्रेय आपण सरावाला देऊन बसतो.

शेजारची वही

प्लॅटफॉर्म फक्त बोटाचा स्पर्श मोजतो. बोट कुणाचं, ते त्याला माहीत नसतं. एका मुलाच्या नावावर एका धड्याला अडतीस मिनिटं दिसत होती. चौकशी केली तर आईचा फोन चालू ठेवून तो शेरडं हाकायला गेला होता. दुसऱ्या एकीची उत्तरं अचानक सगळी बरोबर यायला लागली, ती सहावीतल्या ताईनं दिलेली होती. म्हणून घरच्या फोनवरचा सराव मी संशोधनाच्या मोजणीत धरत नाही, शाळेत माझ्यासमोर झालेलाच धरते.

रोज एक पान लिहा: तारीख, कोण गैरहजर, कोणता टॅब बंद पडला, लाईट कधी गेली, कुणी कुणाचं बघून लिहिलं, आणि मुलांची वाक्यं जशीच्या तशी. चाचणीच्या दिवशी दोन-तीन मुलांजवळ बसून 'कसं केलंस ते सांग' एवढंच विचारा. 'तुमीच तीन आदी म्हनलासा की' हे वाक्य कोणत्याही फाइलीत सापडलं नसतं.

फाइल उघडल्यावर

प्लॅटफॉर्मवरून नोंदी बहुधा सीएसव्ही नावाच्या साध्या तक्त्याच्या फाइलीत उतरतात. ती एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी अक्षरांच्या जागी चिन्हांचा गाळ दिसतो. घाबरू नका, माहिती शाबूत असते. डेटा आयात करण्याच्या मार्गानं आत घ्या आणि अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत यूटीएफ-८ निवडा. लिब्रेऑफिस ते उघडतानाच विचारतं. वेळेच्या रकान्याकडे लक्ष द्या. सकाळी अकराची चाचणी साडेपाचची दिसली तर नोंद आंतरराष्ट्रीय वेळेत आहे, साडेपाच तास मिळवा. मूळ फाइलीला हात लावू नका, प्रत काढून तिच्यावर काम करा. दोनदा पाठवलेली उत्तरं, दोन-तीन सेकंदांत दाबलेली उत्तरं यांचं काय करायचं हे निकाल बघण्याआधी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.

मुलं वीसच्या आत असतील तर टक्केवारी काढू नका. 'सतरापैकी नऊ' हे 'त्रेपन्न टक्के' पेक्षा प्रामाणिक आहे. प्रत्येक मुलाची एक रेघ काढा, डावीकडे आधीच्या चुका, उजवीकडे नंतरच्या. किती रेघा उतरल्या, किती चढल्या, किती सपाट राहिल्या, ते डोळ्यांनी दिसतं.

हा बदल योगायोगानं झाला असेल का, हे बघायला चिन्हचाचणी पुरते. समजा पंधरा मुलांपैकी तीन जैसे थे राहिली, उरलेल्या बारापैकी दहा सुधारली, दोन घसरली. सरावाचा काहीच परिणाम नसता तर सुधारणं-घसरणं नाणेफेकीसारखं झालं असतं. बारा वेळा नाणं उडवून दहा किंवा अधिक छापे पडण्याच्या शक्यता ४०९६ पैकी ७९, म्हणजे शंभरात सुमारे दोन. दोन्ही बाजू धरल्या तर चार. हे विचारात घेण्याजोगं आहे. बारापैकी आठच सुधारली असती तर एका बाजूचीच शक्यता शंभरात एकोणीस होते, आणि तिथं आपण थांबायचं, 'दिसलं नाही' असं लिहायचं. तसं लिहिलेल्या अहवालाची किंमत कमी होत नाही. उलट पुढच्या शिक्षकाचे सहा आठवडे वाचतात.

माझ्या कन्नड आणि मराठी घरांच्या तुलनेत एकेका बाजूला आठ-नऊच मुलं आहेत, म्हणून मी अजून काही दावा केलेला नाही. सीमेलगतच्या तीन शाळांतल्या शिक्षकांनी तीच चाचणी, त्याच आवाजात, येत्या जुलैत घ्यायचं कबूल केलं आहे. प्रश्नांची फाइल, संमतिपत्राचे मराठी-कन्नड नमुने आणि वहीच्या पानाचा आराखडा त्यांच्याकडे पोचला आहे. गेल्या वर्षीची संकेतांची यादी मी अहवाल झाल्यावर जाळली, टॅबवरची खाती पुसली. आणि पालकसभेत त्या सतरा मुलांच्या पाट्या भिंतीला लावून आई-वडिलांना दाखवलं की त्यांचं लेकरू आधी कसं लिहीत होतं आणि आता कसं लिहितं.